थंडीत जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क कसं बघायचं: खानदेशातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर

मंडळी, जैसलमेरला जाऊन आलेली खानदेशातली भरपूर माणसं आहेत. सोनार किल्ला बघितला, समच्या वाळूवर उंटावर बसून फोटो काढला, रात्री टेंटमध्ये नाचगाणं बघितलं, झालं जैसलमेर. पण त्याच समला लागून डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या पाव भागापेक्षाही थोडं मोठं, आणि त्यात काय आहे हे आलेल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कधी निघायचं, कसं पोचायचं, परवानगी, कपडे, सकाळी कुठे उभं राहायचं, काय बघायचं, सगळं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचा सगळा प्लॅन त्यावर आहे. वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूचे डोंगर दिसतात, पण या पार्कात वाळूच्या टेकड्यांचा भाग साधारण पाचवा हिस्साच आहे. बाकी सगळं सेवण गवताचे माळ, खडकाळ पठार, खारट सपाट जमिनी, मध्ये मध्ये खेजडी आणि केरची झुडपं. आणि जनावरं-पक्षी मुख्यतः या माळावर असतात, टेकड्यांवर नाही. तेव्हा सकाळ माळाला द्यायची, वाळूला संध्याकाळ दिली तरी पुरे. बहुतेक टूरवाले नेमकं उलटं करतात, सकाळी हॉटेलात झोपू देतात आणि उन्हं कलल्यावर वाळूवर नेऊन सोडतात.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. त्यातही शिकारी पक्षी बघायचे असतील, म्हणजे गरुड, गिधाडं, ससाणे, तर डिसेंबर-जानेवारीला तोड नाही, कारण मध्य आशियातून खाली उतरलेले पक्षी तोवर तिथे नीट स्थिरावलेले असतात. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर फेब्रुवारी बरा, थंडी जरा सैल होते. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळाच, समच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, डीजे असतो, राहायचे भाव दुपटीच्या वर जातात. माघात पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, तो बघायचा असेल तर चांगलाच आहे पण पार्कासाठी म्हणून जाणाऱ्याने त्या तारखा सोडून जावं. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीला जोडून निघणारे खूप असतात, दिवाळी नोव्हेंबरात आली तर जमून जातं, ऑक्टोबरात आली तर दुपारी ऊन चटका देतं आणि पाहुणे पक्षीही पूर्ण आलेले नसतात.

निघायच्या आधी घरच्या घरी तयारी

ही पायरी लोक वगळतात आणि मग तिथे जाऊन प्रत्येक पक्षी "घार आहे का हो?" असं विचारत बसतात. डिसेंबरात एक-दोन रविवार दुर्बीण घेऊन हतनूरला जा. तापीच्या बॅकवॉटरवर थंडीत बदकं उतरतात, मोठी लालसरी हमखास दिसते, तिथे दुर्बीण फोकस करायचा हात बसतो. नंतर हरभऱ्याच्या शेतांवर किंवा गावाबाहेरच्या गायरानावर संध्याकाळी तासभर थांबा, जमिनीलगत पंख उचलून तरंगत जाणारा भोवत्या दिसेल. भोवत्या, चंडोल, धाविक ही माळावरची मंडळी आपल्याकडेही आहेत, त्यांची चाल एकदा डोळ्यात बसली की जैसलमेरला नवा पक्षी लगेच वेगळा ओळखू येतो.

दुर्बीण ८x४२ घ्या, पहिल्यांदाच घेत असाल तर हीच. १०x५० जड पडते आणि हात हलतो. कोणाकडून उसनी मिळाली तरी चालेल, पण चौघांत एक दुर्बीण असं करू नका, पक्षी उडून जाईपर्यंत चौथ्याचा नंबर येत नाही. आणि पक्ष्यांची चित्रं असलेलं एखादं पुस्तक किंवा मोबाईलमध्ये ऑफलाइन चालणारं अ‍ॅप टाकून घ्या, आत रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.

कसं पोचायचं

आपल्याला सोयीचा रस्ता म्हणजे ताप्ती लाइन. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, कुठूनही सुरतमार्गे अहमदाबाद, नवजीवन एक्सप्रेस आहे, हावडा-अहमदाबाद आहे. अहमदाबादहून पुढे जोधपूर किंवा थेट जैसलमेरची गाडी पकडायची. जोधपूर ते जैसलमेर अंदाजे २८० किलोमीटर, रेल्वेने पाच-सहा तास. धुळेकरांनी अमळनेर किंवा नंदुरबार गाठावं, किंवा मग सरळ बसने सुरत. अहमदाबादला गाडी बदलताना एक लक्षात ठेवा, राजस्थानकडच्या बऱ्याच गाड्या साबरमती स्टेशनवरून सुटतात आणि ते स्टेशन अहमदाबाद जंक्शनपासून वेगळं आहे, तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा आणि मध्ये किमान तीन तास ठेवा. थंडीत गाड्या लेट होतात हे वेगळं सांगायला नको.

वाटेला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा घ्या. दुधात मळलेली दशमी दोन दिवस आरामात टिकते आणि पुढे पहाटे अंधारात जिपमध्ये बसताना पण हीच कामाला येते, कारण त्या वेळी तिथे नाष्टा कोणीच देत नाही. बाकी जेवणाची चिंता नाही, तिथे थंडीत बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळते, म्हणजे आपलंच घर. सोबत केर-सांगरीची भाजी नक्की मागवा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो तीच. आपण तिची पानं पुजतो, तिकडे तिच्यावर माणसं, शेळ्या, उंट सगळे जगतात.

राहायचं कुठे

तीन पर्याय. जैसलमेर शहर, सम, नाहीतर खुरी. शहरात राहिलात तर सोयी सगळ्या आहेत, पण सम तिथून ४० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पहाटे अंधारात तासभर आधी निघावं लागतं. सममध्ये टेंट आहेत पण रात्री उशिरापर्यंत आवाज, झोप होत नाही, आणि झोप झाली नाही की पहाटेचा प्लॅन गेला. माझं मत विचाराल तर खुरी. तेही शहरापासून नैऋत्येला तेवढंच लांब, पण गाव शांत आहे, मातीच्या घरात राहायची सोय होते, आणि घरचा माणूसच बऱ्याचदा माळावर घेऊन जाणारा असतो. बुक करताना एकच प्रश्न फोनवर विचारायचा, "सकाळी सूर्य उगवायच्या आधी गाडी आणि माणूस मिळेल का?" हो म्हटले तर बुक करा.

परवानगी

राष्ट्रीय उद्यानाच्या राखीव भागात, म्हणजे सुदासरीसारख्या ठिकाणी, असंच घुसता येत नाही. जैसलमेरच्या वन विभागाच्या ऑफिसात परवानगी काढावी लागते, आधार कार्डाची ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स सगळ्यांच्या ठेवा, गाडीचे कागद, ड्रायव्हरचं लायसन्स. प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे दर तिथेच कळतील, ते बदलत असतात. ऑफिसला शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी लागली की तुमचा दिवस वाया, म्हणून पोचायचा दिवस सोमवार ते गुरुवार असा धरा आणि पोचल्या-पोचल्या किल्ला बघायच्या आधी हे काम उरका. मुक्काम असेल तिथल्या माणसाला आधीच फोनवर सांगितलं तर तो पण कागद करून ठेवतो.

दुसरं म्हणजे ही सीमेची बाजू आहे. पश्चिमेकडे ठराविक हद्दीच्या पुढे जायला वेगळी सरकारी परवानगी लागते, स्थानिक ड्रायव्हरला ही हद्द पक्की ठाऊक असते, तो नाही म्हणाला की नाही. ड्रोन तर घरीच ठेवा, बॅगेत पण नेऊ नका. लष्कराच्या गाड्या, चौक्या, टॉवर यांचे फोटो काढायचे नाहीत. लोंगेवालाची रणभूमी आणि तनोटचं देवीचं मंदिर बघायचं असेल तर तो वेगळा पूर्ण दिवस आहे, पार्काच्या दिवसात कोंबू नका.

कपडे, आणि ही थंडी आपल्यासारखी नाही

आपण जळगावचे, ४५ डिग्री बघितलेले, त्यामुळे वाळवंटाचं ऊन आपल्याला काही वाटत नाही. थंडी मात्र वाटते. हवा एकदम कोरडी, वर ढग नाहीत, वाळू दिवसाची उष्णता धरून ठेवत नाही, सूर्य मावळला की तासाभरात गार पडतं. जानेवारीत पहाटे पारा २-३ अंशांपर्यंत पण उतरतो आणि दुपारी तोच २३-२४ वर जातो. त्यात उघड्या जिपमध्ये वारा लागतो तो वेगळाच. म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर न्या: आत थर्मल, त्यावर सुती शर्ट, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. कानटोपी, मफलर, हातमोजे हवेतच. दहा वाजल्यापासून एक-एक थर काढत जायचा. रंग मातकट, खाकी, लालभडक किंवा पांढरं शुभ्र काही नको, मोकळ्या माळावर ते जनावराला खूप लांबून दिसतं.

बूट घोट्यापर्यंतचे. काट्यांसाठी पण आणि थंडीत साप कमी असले तरी फुरसं हा इथला जुना रहिवासी आहे, रात्री बूट बाहेर काढून ठेवले तर सकाळी झटकून घालायचे. ओठ आणि टाचा फुटतात, खोबरेल नाहीतर व्हॅसलिन खिशात ठेवा. थंडी आहे म्हणून तहान लागत नाही आणि लोक पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं धरून बसतात. माणशी तीन लिटर धरून चाला.

माळावरची सकाळ

हा खरा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. जैसलमेर आपल्या बरंच पश्चिमेला असल्याने थंडीत सूर्य उगवायला साडेसात होतात. म्हणजे साडेसहाला निघालात तरी उजेड फुटताना माळावर पोचता. गाडी थांबली की इंजिन बंद, बोलणं बंद, आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. चंडोलांचा आवाज आधी येतो, मग लांबून मेंढ्यांच्या घंटा. डोळ्यांना सवय झाली की ज्याला तुम्ही मातीचं ढेकूळ समजत होता ते चालायला लागतं, तो क्रीम रंगाचा धाविक असतो, चार पावलं पळतो, थांबतो, मान ताठ करतो, परत पळतो.

उजेड तिरका असतो तेव्हाच जमीन वाचून घ्या. वाळूच्या पातळ थरावर रात्रभरात कोण-कोण गेलं ते सगळं लिहिलेलं असतं. कोल्ह्याची पावलं एकामागे एक जवळपास सरळ रेषेत जातात, गावठी कुत्र्याची वेडीवाकडी भटकतात. चिंकाऱ्याचे दोन टोकदार खुरांचे ठसे. किड्याचा माग म्हणजे दोन बाजूंना टिंबांची बारीक रांग, आणि ती मध्येच एखाद्या झुडपाखाली संपते. ठशाची कड धारदार असेल तर तो रात्रीचाच, वाऱ्याने कड ढासळली असेल तर जुना. नऊ-साडेनऊला वारा सुटला की हे सगळं पुसलं जातं, म्हणून लहान मुलं सोबत असतील तर आधी हेच दाखवा, पक्ष्यापेक्षा त्यांना यात जास्त गोडी लागते.

नऊ ते साडेदहा पाण्याजवळ थांबा. गुरांसाठी केलेल्या हौदांवर आणि छोट्या तळ्यांवर पखुर्ड्या (सँडग्राउज, कबुतरासारखे माळावरचे पक्षी) थव्याने येतात. आधी वरून आवाज करत दोन-तीन घिरट्या, मग थोड्या लांब उतरतात, आणि चालत पाण्याशी येऊन घाईघाईत पिऊन उडतात. विणीच्या दिवसांत यांचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातो, त्या पिसांची रचनाच पाणी धरून ठेवणारी असते. पाण्यापासून गाडी लांब ठेवा, तुम्ही मध्ये उभे राहिलात तर तहानलेला थवा न पिताच परत जातो, आणि कोरड्या दिवसात त्यांना ते परवडत नाही.

साडेदहानंतर जमीन तापून हवा थरथरते, लांबचं काही स्पष्ट दिसत नाही, मग आकाशाकडे वळा. गिधाडं आणि गरुड गरम हवेवर वर चढायला लागतात ती हीच वेळ. काळं गिधाड, युरेशियन ग्रिफॉन, इजिप्शियन गिधाड, स्टेप गरुड, टॉनी गरुड, सगळी एका दिवसात दिसू शकतात. मेलेलं जनावर टाकलेली जागा ड्रायव्हरला माहीत असते, तिथे वाऱ्याच्या उलट्या बाजूने थांबा नाहीतर वासाने बसवणार नाही. तारेच्या खांबावर बसलेला ससाणा दिसला तर गाडी नेमकी त्याच्या खाली नेऊ नका.

चिंकारा सगळीकडे दिसेल. वाळवंटी कोल्हा शेपटीच्या टोकाला पांढरा असतो, आपल्याकडच्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं, एवढी खूण पुरते. वाळवंटी मांजर दिसलं तर नशीब. सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा मोठा सरडा, मात्र थंडीत बिळाचं तोंड बुजवून आत झोपलेला असतो, तो बघायचा तर मार्चनंतर या.

माळढोक

बहुतेक जण यासाठीच जातात, मी पण सगळ्यांना यासाठीच जा म्हणतो. तिथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं, आता तिथे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. जगात उरलेत दीडशेच्या आसपास आणि त्यातले बहुतेक याच जैसलमेरच्या पट्ट्यात. उभा राहिला तर मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे कुत्री, कोल्हे, गुरांचे पाय, आणि रस्ता सोडून पळवलेल्या जिपा, सगळ्यांचा धोका.

सगळ्यात मोठा धोका विजेच्या तारांचा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, समोरचं कमी दिसतं, वजन जास्त म्हणून ऐनवेळी वळता येत नाही, तार जवळ आल्यावर कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. आपल्या साक्री-ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या आहेत तशाच तिकडे मैलोनमैल आहेत, वर सोलर. वीज पाहिजेच, पण तारा जमिनीखालून न्याव्यात यावर सुप्रीम कोर्टात केस चालली, २०२१ ला आदेश झाला, २०२४ ला त्यात बदल झाला. जाताना तारांवर लटकवलेल्या चकत्या दिसतील, त्या पक्ष्याला तार दिसावी म्हणून आहेत. सम आणि रामदेवरा इथे अंडी उबवून पिल्लं वाढवायची केंद्रं आहेत, २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू पण जन्मलं. ही केंद्रं बघायला खुली नाहीत, "जरा आत सोडा ना" म्हणून गेटवर गळ घालू नका, माणसांची सवय लागलेलं पिल्लू पुढे माळावर टिकत नाही.

बघायचा कसा? सम आणि खुरीच्या मधल्या पट्ट्यात सुदासरीचं तारबंद कुरण आहे, तिथे परवानगी घेऊन, वन विभागाचा माणूस सांगेल त्याच वाटेने. सकाळी पहिले दोन तास किंवा संध्याकाळी शेवटचा दीड तास. गवतातून वर आलेली पांढरी मान आणि डोक्यावरची काळी टोपी शोधायची, बाकी अंग गवतात मिसळून जातं. त्याने मान ताठ करून चालणं थांबवलं म्हणजे तुम्ही त्याला दिसलात, तिथेच थांबा, एक पाऊल पुढे नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलवायचा प्रकार इथे अजिबात नको. आणि दिसला तर नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका, जिल्ह्याचं नाव पुरे. दोन सकाळी हातात ठेवा, एकात नाही दिसला तर दुसरीत शक्यता राहते. थंडीत तिलोर पण येतो, त्याच्या जातभाईंपैकी छोटा, त्याला बघून गोडावण दिसला म्हणून घोषणा करणारे खूप आहेत, आकार नीट बघा.

गाडी आणि माणूस

स्वतःची गाडी माळावर घालू नका. वाळूत रुतते ते एक, पण सेवण गवताचं एक ठोंब चाकाखाली मेलं की परत यायला फार वेळ लागतो, आणि त्या गवतावरच गाईपासून गोडावणापर्यंत सगळे आहेत. स्थानिक जिप घ्या, जुन्या चाकोरीतूनच चालवायला सांगा. "साहेब अजून जवळ नेतो" असं तो म्हणेल, टिप चांगली मिळावी म्हणून, तेव्हा तुम्हीच नको म्हणा आणि टिप तरीही द्या, पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तो आपणहून लांब थांबेल. पार्कात गावं आणि ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत, लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आधी राम राम सा म्हणायचं, विचारल्याशिवाय बायाबापड्यांचे फोटो काढायचे नाहीत. देवाच्या नावाने राखलेली ओरण नावाची रानं लागतील, तिथे फांदी सुद्धा तोडत नाहीत, आपल्याकडच्या देवराईसारखाच नेम आहे.

दुपार, आणि परतीची वाट

दुपारी अकल वुड फॉसिल पार्क करून टाका, जैसलमेरहून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे पडलेत, म्हणजे हे वाळवंट तेव्हा घनदाट जंगल होतं. तासभर पुरतो. कुलधराचं ओसाड गाव समच्या वाटेवर लागतं ते येता-जाता होतं.

आणि परतताना थेट जोधपूर करू नका, फलोदीला उतरा. तिथून जवळच खीचन गाव आहे, थंडीत तिथे हजारो कुरजा क्रौंच येतात, गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चुग्गाघरात धान्य टाकतात, २०२५ मध्ये या जागेला रामसर दर्जा पण मिळाला. सकाळी सात ते नऊ दाणे खायला उतरतात, नंतर तळ्यांवर जातात. आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करून सकाळी पावणेसातला चुग्गाघराजवळच्या एखाद्या गच्चीवर, घरच्यांना विचारून, उभे राहा. फलोदी जैसलमेर-जोधपूर लाइनवरच आहे, त्यामुळे दुपारच्या गाडीने जोधपूर आणि तिथून रात्रीच्या गाडीने अहमदाबाद जमतं. परतीचं तिकीट मात्र निघतानाच काढून ठेवा, थंडीत या लाइनला वेटिंग लवकर कन्फर्म होत नाही.